वीस नंबरच्या विरोधात

“हाच तो,” मिसेस पॅक गल्ल्यावरच्या बाईला म्हणाल्या, “पुस्तिकेतला. ह्याच्या शब्दावर मी मत दिलं.”

ऑरिन हॉगन त्यांच्या मागेच रांगेत उभा होता, हातात अंड्यांचा खोका आणि बगलेत कॉफीचा डबा. हसायला म्हणून त्यानं तोंड उघडलं, पण हसू काही आलं नाही, नुसतं तोंडच उघडं राहिलं. गल्ल्यावरच्या बाईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, ‘अस्सं’ म्हणाली आणि मिसेस पॅकची साबणाची वडी यंत्रापुढून सरकवली. झालं ते एवढंच. कुणी ओरडलं नाही, कुणी बोट दाखवलं नाही. उलट मिसेस पॅकच्या आवाजात कौतुक होतं, आपल्या ओळखीचा माणूस मोठा निघाला की असतं तसं, आणि तेच नेमकं त्याच्या वर्मी लागलं. कानशिलं तापली. एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस. बर्फात, धुक्यात, लाकूड वाहणाऱ्या ट्रकांच्या रांगेत तो कधी गडबडला नव्हता, आणि आता भर सकाळी दुकानात कुठं बघावं ते त्याला कळेना.

मिसेस पॅक पिशवी भरता भरता मान वळवून बोलतच होत्या. त्यांना घाई कसली ती नव्हतीच कधी. थांब्यावरच्या खांबाला कागद चिकटवलाय म्हणे, एक एप्रिलपासून वीस नंबरची बस बंद. त्यांच्या इमारतीतल्या बायका उगाच हातपाय गाळून बसल्यात. “मी म्हटलं त्यांना, अगं, नुसतं घाबरवतात ते. ऑरिननं छापून सांगितलंय की नाही, बसच्या ऑफिसात पैसा रग्गड आहे, बंद करण्याच्या धमक्या पोकळ आहेत म्हणून. आतला माणूस आहे तो. काय रे, कधी मागं घेणार ते हा कागद?” सगळी रांग त्याच्याकडे बघत होती, किंवा त्याला तसं वाटलं. “बघू,” तो म्हणाला. बघू! एवढाच शब्द सापडला त्याला. मग तो शब्द फारच उघडा पडला असं वाटून त्यानं घाईघाईनं पुढे जोडलं की, चला, मी सोडतो घरी, गाडी बाहेरच आहे, पिशव्या जड दिसतायत. मिसेस पॅकना नाही म्हणायचं कारण नव्हतं. वीस यायला अजून वीस-पंचवीस मिनिटं होती.

गाडीत त्यांनी पट्टा लावला तो डाव्या हाताला जपून. त्या हाताच्या बाहीखाली सुया टोचून टोचून दोरखंडाएवढी झालेली शीर आहे, हे त्याला ठाऊक होतं. सात वर्षं मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी सहा चाळीसला त्या चढायच्या आणि पूर्वेकडच्या टोकाला डायलिसिसच्या केंद्रापाशी उतरायच्या, आणि दुपारी परतीच्या फेरीत चेहरा पांढराफटक झालेला असायचा. तेव्हा त्यांना तो पुढच्याच जागेवर बसवायचा. त्या वेळी त्या बोलत नसत. आज मात्र सुई नव्हती, शुक्रवार होता, त्यामुळे बोलायला त्यांना उधाण आलं होतं. इमारतीच्या बैठकीच्या खोलीत त्यांनी म्हणे पुस्तिका मोठ्यानं वाचून दाखवली होती. अर्ध्यांना बारीक अक्षर दिसतच नाही. वाचून झाल्यावर शेवटी नाव वाचलं, ऑरिन हॉगन, निवृत्त बसचालक, एकतीस वर्षं सेवा, आणि खोलीत सगळ्यांनी माना डोलावल्या. चौदा मतं झाली त्या एका खोलीतली, त्या अभिमानानं म्हणाल्या. ऑरिननं आरसा नीट केला. तो नीटच होता.

तसं बघायला गेलं तर बसवाल्यांचं मागणं काही अंगावर येणारं नव्हतं. काउंटीत, म्हणजे ह्या जिल्ह्यात, जे विकलं जाईल त्यावर बससाठी शंभर डॉलरमागे नव्वद सेंट कर आधीपासून होता. त्यात आणखी तीस सेंट वाढवायचे का, एवढाच नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवरचा प्रश्न. खाण्यापिण्याच्या वस्तूंना कर नाहीच. साबण, कपडे, टायर, फ्रिज, असल्यांवर. मतदारांना घरोघर जाणाऱ्या पुस्तिकेत बाजूनं एक पान, विरोधात एक पान, ही इथली रीत आहे, आणि विरोधात लिहायला कुणी पुढे आलं नाही तर काउंटीच जाहिरात देऊन माणसं शोधते. ह्या वेळी शोधावं लागलं नाही. क्लिफ डार्बी तयारच होता. क्लिफचा होड्यांचा आणि ट्रेलरचा धंदा, एकेका ट्रेलरच्या किमतीत शंभरामागे तीस-तीस सेंट जमून त्याचा आकडा चांगलाच होतो, त्याचं दुखणं सरळ होतं. पण तीन सह्या हव्या होत्या आणि क्लिफला डोकं होतं. बसवाल्यांच्या विरोधात बसवालाच हवा, हे त्याला बरोबर कळलं. त्यानं ऑरिनला दुकानात बोलावलं, दोन रंगवलेल्या होड्यांच्या मधल्या टेबलाशी बसवलं, डोनट पुढे केला आणि म्हणाला, “वाच, पटलं तर सही कर. तुझ्याशी काय वागले ते, सगळ्या गावाला माहीत आहे.” ऑरिननं वाचलं. पहिली ओळ होती की हा कर गरिबांच्या खिशातून जातो. ती त्याला पटली. पुढचं त्यानं वाचलं की नाही हे आता त्याला आठवत नव्हतं. खरं सांगायचं तर आठवत होतं. वाचलं होतं. ऑफिसात पैसा रग्गड आहे ही ओळ धादांत खोटी आहे, हे त्या टेबलापाशी त्याच्याइतकं दुसऱ्या कुणालाच कळत नव्हतं. तरी त्यानं पेन घेतलं, कारण त्या क्षणी त्याला एकच तोंड दिसत होतं, आणि ते बसच्या ऑफिसातल्या नव्या व्यवस्थापकाचं होतं.

तो व्यवस्थापक कुठल्याशा मोठ्या शहरातून आला होता, आणि घड्याळ हाच त्याचा देव. बस चार मिनिटं उशिरा का, एवढंच त्याला दिसे. ऑरिनची एक सवय होती, म्हणजे सगळ्याच जुन्या चालकांची होती, की रोजचं माणूस थांब्यावर दिसलं नाही तर जरा थांबायचं, दार उघडं ठेवायचं, इमारतीकडे बघायचं. माणूस लंगडत येताना दिसलं की हात करायचा. त्याबद्दल त्याला पहिल्यांदा तोंडी समज मिळाली, मग लेखी मिळाली, आणि निवृत्तीला चार महिने राहिले असताना वीस नंबरवरून काढून त्याला कारखान्याच्या फेरीवर टाकलं. शेवटच्या दिवशी केक होता. व्यवस्थापक बैठकीत होता. ऑरिन केक न कापताच निघून आला आणि सहा महिने घरात बायकोचं डोकं खात बसला. व्हर्ना शेवटी म्हणाली होती, “तुला त्या माणसाला बोलायचं तर जाऊन बोल ना. माझी भांडी का आपटतोस?” पण तोंडावर बोलणं त्याच्या कुळातच नव्हतं. त्याच्या बापानंही सगळा जन्म तक्रार मनात ठेवूनच काढला. मग सही आली चालून. दिसायला किती सभ्य, छापील, कायदेशीर.

गाडी नदीच्या रस्त्याला लागली. डावीकडे पूल दिसू लागला, हिरवा, उंच, पलीकडच्या राज्यात उतरणारा. शुक्रवार असल्यामुळे त्यावर गाड्यांची रांग होती. पलीकडे विक्रीकर नाही, अजिबात नाही, त्यामुळे ह्या काठावरचं गाडी असलेलं प्रत्येक माणूस मोठी खरेदी पलीकडे करतं. कायद्यानं घरी आल्यावर इथला कर भरायचा असतो आणि कुणी भरत नाही. टायर पलीकडे, टीव्ही पलीकडे, पोरांचे शाळेचे कपडे पलीकडे. ऑरिनही तेच करत आला होता. पगार ज्या पैशातून यायचा तोच पैसा चुकवायला तो एकतीस वर्षं सुट्टीच्या दिवशी पूल ओलांडत होता, आणि डेपोतले सगळेच ओलांडत होते, एकमेकांना कुठे काय स्वस्त आहे ते सांगत होते, आणि त्यात विसंगत असं काही आहे हे एकाच्याही मनाला कधी शिवलं नाही. फ्रिज आणला होता तेव्हा तर डेपोतल्याच दोघांनी मदत केली होती. आता त्यानं पुलावरून नजर काढली. शेजारी साबणाच्या वडीवर कर भरून आलेली बाई बसली होती. ती पूल कशी ओलांडणार? वीस नंबर पूल ओलांडत नाही. जिला गाडी नाही ती इथंच घेते आणि इथंच पै न पै भरते. तिच्या नव्वद सेंटांवर त्याचा संसार चालला होता, त्याच्या मुलीचे दात तारा लावून सरळ झाले होते. हा कर गरिबांच्या खिशातून जातो म्हणे! जातो तर. बाकीच्यांचे खिसे तेवढा वेळ पलीकडच्या काठावर असतात म्हणून जातो.

“तुझ्या बायकोचं कसं आहे?” मिसेस पॅकनी विचारलं. बरी आहे, तो म्हणाला. व्हर्नानं पुस्तिका आली त्या दिवशी ते पान वाचलं होतं, चष्मा काढला होता, आणि एवढंच म्हणाली होती की हे तुझं लिहिणं नाही. मग तिनं ती पुस्तिका फळांच्या टोपलीखाली सरकवली, आणि तिथून ती बाहेर आलीच नाही. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. दोन आठवड्यांनी टपालानं मतपत्रिका आल्या. दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसून गोळे काळे करत होते. दरवर्षीसारखं व्हर्नानं आपल्या कागदाशी हाताचा आडोसा केला होता, त्यानंही केला. शेवटचा प्रश्न बसचा. त्याचं पेन थांबलं. त्याला सहा चाळीसचा थांबा दिसला, पहाटेचा करडा उजेड, इमारतीच्या दारातून डावा हात पोटाशी धरून येणारी बाई दिसली. आणि त्यानं ‘हो’समोरचा गोळा काळा केला, चांगला दाबून, कडेपर्यंत. पाकीट चिकटवताना त्याला इतकं हलकं वाटलं की तो शीळ घालत पेटीत टाकायला गेला. सही विरोधात, मत बाजूनं, म्हणजे फिटंफाट, असा त्याचा हिशेब. स्वतःवर तो खूशही झाला होता, आणि आता ते आठवलं की त्याला स्वतःची शिसारी येत होती. राग चव्हाट्यावर काढायचा आणि चांगुलपणा पाकिटात बंद करायचा! पाकिटातल्या मताला एका मताचंच वजन होतं. छापलेल्या नावानं एका खोलीतच चौदा खाल्ली. अशा खोल्या किती असतील, कोण जाणे. ठराव पडला तो एकशे नव्वद मतांनी.

निकालानंतरही त्यानं मनाला समजावलं होतं, की वीस नाही बंद करणार, दुसरी कुठली तरी करतील. मग बंद होणाऱ्या फेऱ्यांची यादी आली आणि वीस पहिलीच होती, सगळ्यात लांबची, सगळ्यात रिकामी. आणि बसबरोबर अपंगांना दारातून उचलणारी छोटी व्हॅनही जाणार होती, कारण ती व्हॅन बसच्याच रस्त्यानं चालते, जिथं बस नाही तिथं तीही नाही. हे त्याला पाठ होतं. नव्या चालकांना हे तोच शिकवायचा.

“मी सांगते तुला,” मिसेस पॅक म्हणाल्या, “मी ‘हो’च करणार होते. पेन टेकलंच होतं म्हण. म्हटलं तीस सेंट काय, शंभराची खरेदी मी करते कधी? मग तुझं नाव बघितलं. म्हटलं ऑरिन उगाच म्हणणार नाही. माझ्यासाठी बस थांबवणारा माणूस हा, तो मला बुडवेल का?” त्या हसल्या. “तसं बघ, तुझं आणि माझं मत एकच पडलं.”

आता नुसती मान हलवायची होती. बस, एकदा मान हलवली की झालं असतं. दोघंही फसले, दोघांनाही क्लिफनं बनवलं, दोघंही बिचारे. चार मैलांवर इमारत, पिशव्या वर नेऊन द्यायच्या, पाणी विचारलं तर नको म्हणायचं. त्याची मान हललीही असावी थोडीशी. कारण मिसेस पॅक समाधानानं खिडकीबाहेर बघू लागल्या. आणि तेच त्याला सहन झालं नाही. ह्या बाईला तो आपल्यासारखाच भोळा वाटत होता.

“नाही,” तो म्हणाला.

“काय नाही?”

“मी ‘हो’ दिलं.”

मिसेस पॅकना ते लगेच कळलं नाही. त्या जरा पुढे झुकल्या, ऐकू न आल्यावर झुकतात तशा. “पुस्तिकेत तुझं नाव होतं.”

“सही माझी. लिहिलं दुसऱ्यानं. मला ऑफिसातल्या एका माणसाचा राग होता.”

राग कशाचा, हे त्यांनी विचारलं नाही, पण उत्तर त्याच्या जिभेवर येऊन उभं राहिलं. तुमच्यासाठीच. तुमच्यासाठी बस थांबवायचो म्हणून मला समज मिळाली, तुमच्या पायी मला वीसवरून काढलं. सगळं खरं होतं ते. बोललं असतं तर ह्या बाईला वाईटही वाटलं असतं, तिनं त्याच्या हातावर हातही ठेवला असता, आणि अर्धं ओझं पिशवीसारखं तिच्या मांडीवर गेलं असतं. तो मोह इतका गोड होता की त्याला स्वतःची भीतीच वाटली. त्यानं शब्द गिळले. त्या दिवसात धड असं त्यानं काही केलं असेल तर तेवढंच.

मिसेस पॅक सरळ बसल्या. मग आवाज न चढवता म्हणाल्या, “म्हणजे बस बंद पडणार हे तुला माहीत होतं.”

“हो.”

“माहीत होतं म्हणूनच तू ‘हो’ दिलंस.”

फसलो म्हणायची सोय होती तोवर निदान उभं राहायला जागा होती. ती त्यानं आपल्या हातानं, प्रामाणिकपणाच्या भरात, मोडून टाकली होती. त्याला वाटलं होतं की खरं बोललं की बरं वाटतं, पण बरं काही वाटलं नाही. नुसती लाज वाटली, अंगभर, लहानपणी शाळेत चड्डी ओली झाल्यावर वाटली होती तशी, जिच्याबद्दल काही करताच येत नाही. तरी माणूस काहीतरी करायला बघतोच. तो भराभरा बोलू लागला, की मी नेईन तुम्हाला, मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सहा चाळीसला गाडी दारात असेल, परत आणीन, पेट्रोल माझं, जोवर हात चालतायत तोवर नेईन.

“आणि मिसेस ओडेलला? ती चाकाच्या खुर्चीत आहे.”

“त्यांनाही बघू काहीतरी.”

“आणि तळमजल्यावरचा तो, दवाखान्यात फरशी पुसायला जातो तो? आणि ते दोघे भाऊ? वीसमध्ये रोजचे अकराजण आहोत आम्ही.” त्या भांडत नव्हत्या, खरंच मोजत होत्या, ओठ हलवून, नावं घेत. मग थांबल्या. “तुझी गाडी चांगली आहे, ऑरिन,” त्या म्हणाल्या, “पण मला इथं उतरव.”

“मिसेस पॅक, तीन मैल आहेत अजून.”

“तो बघ थांबा. बस येईलच. अजून नऊ दिवस आहे ती.”

त्यानं गाडी बाजूला घेतली. पिशव्या काढायला उतरायला लागला तर त्यांनी उजवा हात वर केला, नको म्हणून, आणि दोन्ही पिशव्या एकाच हातात घेऊन स्वतःच उतरल्या. दार लोटलं, ते नीट लागलं नाही, परत उघडून लोटलं. बाकावर जाऊन बसल्या. पिशव्या पायाशी, डावा हात पोटाशी. त्याच्याकडे त्यांनी रागानं पाहिलं नाही, पाहिलंच नाही. त्या रस्त्याच्या मागच्या वळणाकडे बघत होत्या, जिकडून बस येते तिकडे. निघावं की थांबावं, त्याला कळेना. निघून गेलं तर टाकून गेल्यासारखं, थांबलं तर काय म्हणून थांबायचं? खिडकीची काच खाली करून काहीतरी म्हणावं असं त्याच्या फार मनात होतं. त्यानं काच खाली केलीही. माफ करा हे दोन शब्द तोंडाशी आले, पण ते त्याला इतके स्वस्त वाटले की तो काच खाली करून नुसताच बसून राहिला. नदीवरचा गार वारा आत येत होता. किती वेळ गेला, कोण जाणे.

तेवढ्यात मागे हॉर्न वाजला. त्यानं दचकून आरशात पाहिलं. वीस आली होती. काचेमागे चालवणारा डेपोतला त्याचाच जुना जोडीदार होता, आणि समोरची गाडी कुणाची ते त्यानं ओळखलं होतं. त्यानं हात केला नाही. परत एकदा, जरा लांब, हॉर्न दिला. मिसेस पॅक पिशव्या उचलून उभ्या होत्या आणि बसला थांब्याशी लागता येत नव्हतं, कारण तिच्या जागेत ऑरिनची गाडी उभी होती.